पोटखराब

मानवत,
माघ शुद्ध दशमी

चि. सौ. कुमुद हिस आप्पाकाकांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या घरचा आठ दिवसांचा पाहुणचार घेऊन आम्ही उभयता सुखरूप परत आलो त्यास आता दोन आठवडे होऊन गेले. पोहोचल्याचे फोनवर कळवले होतेच. परंतु मालवणच्या त्या एका सकाळीसंबंधी जे सांगायचे होते ते फोनवर सांगण्याजोगे नव्हते, आणि कागद पुढे ओढून बसलो की मोंढ्यावरून येताजाता कोणी ना कोणी जुना खातेदार फेरफाराची नक्कल घेऊन ओसरीवर टेके, म्हणून हा विलंब. तुझ्या काकूची प्रकृती ठीक आहे. कोकमाची बरणी वाटेत फुटली नाही.

महसूल खात्यात माझी चौतीस वर्षे गेली आणि त्यांतली पहिली सतरा गोदाकाठच्या सज्ज्यांवर तलाठी म्हणून गेली, हे तू जाणतेसच. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राच्या खाली पोटखराबाचा जो रकाना असतो, म्हणजे खडक, ओढा, पाणंद, मसणवटा अशी जी जमीन पेरता येत नाही आणि पेरता येत नाही म्हणून जिच्यावर आकारही बसत नाही, तो रकाना मी किती हजार वेळा भरला असेन याची गणती नाही. आणि तो भरताना त्या खडकावर कोणाची वस्ती असेल काय, हा प्रश्न चौतीस वर्षांत एकदाही माझ्या मनाला शिवला नाही. सरकारच्या लेखी जो सारा देत नाही तो तेथे राहतच नाही, अशी आम्हा दप्तरी माणसांची समजूत असते.

त्या दिवशी पौष वद्य द्वितीया होती. जावईबापूंनी आदल्या रात्री मला कोकणातला जुना हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता भरती, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला. आयुष्यभर मी पंचांगात एकादशी, संकष्टी आणि मृगाचे वाहन पाहत आलो. त्याच पानांवर समुद्राचे वेळापत्रकही लिहिलेले आहे हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळले. प्रत्यक्षात पाणी आमच्या हिशेबाच्या आधी पाऊण तास तळाला गेले होते, परंतु आणेवारी करताना याहून मोठ्या चुका मी स्वतः पचवल्या आहेत, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

रॉक गार्डनच्या खालच्या अंगाला आम्ही उतरलो तेव्हा खडक नुकता उघडा पडला होता आणि त्याच्या कानाकोपऱ्यातून पाणी झिरपल्याचा, काही मिटल्याचा, काही सरकल्याचा असा एक बारीक चटचटाट सतत ऐकू येत होता. पुढे एक बाई उकिडवी बसून लोखंडी टोच्याने दगडावरची कालवे फोडून गर डब्यात टाकीत होती. माझ्या चपलांकडे पाहून ती म्हणाली, "आजोबानू, पाय जपान ठेवा, कालवां कापतत." मी पाय जपून ठेवला, आणि खाली पाहिले, आणि जुन्या सवयीने मोजणीला लागलो.

कुमुद, त्या खडकाला हद्दी होत्या. आमच्याकडे बांधावर दगड पुरून दाखवाव्या लागतात तशा नव्हे. डोळ्यांना सरळ पट्टे दिसावेत अशा. अगदी वर, जिथे उधाणाचे केवळ तुषार पोहोचतात, तिथे मुगाएवढ्या काळसर गोगलगायी भेगांतून दाटीने बसलेल्या. त्यांच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या शंकूंची साय धरलेली, हे बार्नकल. मी त्यांना शिंपल्यांचे भाऊबंद समजलो होतो, तर जावईबापू म्हणाले की यांचे गोत्र खेकड्याकोळंबीचे. बालपणी हा जीव पाण्यात स्वैर हिंडतो; एकदा जागा पसंत पडली की डोके दगडाला चिकटवतो, भोवती चुनखडीची भिंत उभारतो, आणि उरलेले आयुष्य पाण्याच्या प्रत्येक लाटेसरशी पायांनी अन्न आत ओढीत काढतो. ओहोटीला दार लावून आत ओल धरून बसायचे, भरतीला दार उघडायचे. त्याच्या खालचा पट्टा कालवांचा, तेही असेच जन्माचे स्थायिक. आणि त्याच्याही खाली, जिथे पाणी फार थोडा वेळ मागे हटते, तिथे तपकिरी शेवाळ, नारिंगी स्पंज, आणि बोट लावताच आकसून गाठीएवढी होणारी समुद्रपुष्पे, जी नावाने फुले असली तरी मांसाहारी प्राणी आहेत.

या पट्ट्यांचे कारण मला फार पटले. वरची हद्द ऊन आणि तहान ठरवते : किती तास पाण्यावाचून तग धरता येतो, त्यावर कोण किती वर चढणार ते अवलंबून. खालची हद्द मात्र बहुधा शेजारी ठरवतात. खाली पाणी मुबलक, तसे खाणारे आणि जागा बळकावणारेही मुबलक. म्हणजे वरून दुष्काळ आणि खालून भाऊबंदकी. यापेक्षा वेगळे आमच्या तालुक्यात मी काय पाहिले?

मी हातभर लांब आणि हातभर रुंद असा एक चौकोन डोळ्यांनी आखला आणि त्यातली घरे मोजू लागलो. दोनशेवर गेल्यावर चष्म्यावर खारे पाणी उडाले आणि मोजणी तहकूब झाली. एक गुंठा म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा चौरस, 1,089 चौरस फूट. त्या हिशेबाने एका गुंठ्यात किती कुळे नांदत असतील याचा आकडा मी केला होता, पण तो तुला लिहीत नाही, कारण अंदाजपंचे आकडे कागदावर आले की पुढे त्यांचाच दाखला होतो. एवढे खरे की माझ्या ताब्यात ती जमीन आली असती तर मी बेधडक 'पोटखराब, वर्ग अ' लिहून मोकळा झालो असतो.

आता माझ्या हातून घडलेला गुन्हा. तिथल्या एका खळग्यात सापडलेला, ओठाला टवका उडालेला एक मळकट शंख मी कोणी पाहत नाहीसे पाहून सदऱ्याच्या खिशात घातला होता. दुपारी तुझ्या पडवीत खुंटीवर टांगलेला तो सदरा आपोआप हलू लागला आणि तुझ्या काकूने जी हाक मारली ती तुला आठवत असेल. शंख मूळच्या धन्याने कधीच रिकामा केला होता. आत पोटकूळ शिरले होते, एक खेकडा. या खेकड्याचे पुढचे अंग चिलखती, पण मागचे पोट उघडे, मऊ आणि वळलेले. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात पाठमोरा शिरतो आणि घर पाठीवर घेऊन फिरतो. अंग वाढले की घर बदलायचे. जावईबापूंनी सांगितले की एखादा मोठा रिकामा शंख किनाऱ्याला लागला की हे खेकडे कधीकधी थोरापासून धाकट्यापर्यंत ओळीने उभे राहतात. सर्वांत मोठा नव्या शंखात गेला की त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. सरकारी क्वार्टरचे वाटप मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. अर्ज, शिफारस आणि रुसवेफुगवे यांवाचून हे काम होऊ शकते, याची मला कल्पना नव्हती. संध्याकाळी ओहोटीची वाट न पाहता मी त्याला त्याच खळग्याच्या काठावर सोडून आलो, हे तू पाहिलेच आहेस.

घरी आल्यावर देवघरापुढे बसलो आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले की समुद्रापासून शेकडो कोसांवरच्या या काळ्या रानात, सरकी आणि जिनिंगच्या गावात, समुद्राची मालमत्ता किती पडून आहे. देव्हाऱ्यातला शंख घे. असले शंख मुख्यतः तमिळनाडूकडे, मन्नारच्या आखातात निघतात. वाळूत फिरून किडे खाणाऱ्या एका मोठ्या गोगलगायीचे ते घर. नवरात्रात भुत्ये येतात त्यांच्या गळ्यातल्या कवड्या घे. त्या मालदीवकडून येत आणि एके काळी नाणे म्हणून चालत. आपण 'फुटकी कवडी' म्हणतो ते त्या चलनाचेच अवशेष. कवडीची चकाकी कोणी घासून आणलेली नसते : जिवंतपणी तो प्राणी आपल्या अंगाची मऊ झूल बाहेरून कवडीवर पांघरून बसतो, म्हणून तिला ओरखडा लागत नाही. आणि माझ्या आईच्या बटव्यात कान फुटल्यावर उगाळायला ठेवलेले ते पांढरे, हलके समुद्रफेन! लाटांचा फेस वाळून त्याची वडी होते, असे ती आम्हाला सांगे आणि आम्ही मानत असू. तो तुमच्याकडच्या माकुलाच्या पाठीतला सांगाडा. बारीक कप्प्याकप्प्यांचा, त्या कप्प्यांत वायू आणि पाणी कमीजास्त करून तो प्राणी खाली-वर होतो. तीन हृदये आणि निळसर रक्त असलेल्या एका जीवाचे अस्थिशेष आमच्या घरात दोन पिढ्या फेस म्हणून जमा होते. नोंद चुकली होती, दुसरे काय.

तुमच्याकडचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. आमच्या भाषेत 2,912 हेक्टर, म्हणजे दोन-तीन मध्यम खेड्यांचे शिवार. सिंधुदुर्गाच्या तटाभोवतीची प्रवाळे त्यातच आली. गाबीत मंडळींनी त्याला हरकत घेतली, ती मी तुझ्या शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकली आणि एका शब्दानेही प्रतिवाद केला नाही. वहिवाटीने जिथे पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली तिथे एके दिवशी राजपत्रातला हुकूम येऊन उभा राहतो, तेव्हा माणसाच्या मनाचे काय होते हे धरणाखाली गेलेल्या गावांचे पंचनामे केलेल्याला सांगावे लागत नाही. पण दुसरी बाजूही मी किल्ल्याच्या वाटेवर पाहिली. पर्यटकांच्या होड्यांचे नांगर जिथे पडतात तिथे खाली प्रवाळ आहे. त्याचा एकेक जीव टाचणीच्या माथ्याएवढा, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले कुळासारखी राहतात, अन्न बनवतात आणि खंड म्हणून त्यातला मोठा वाटा मालकाला देतात. पाणी फाजील तापले की हा करार मोडतो, शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरेफटक होते. तापते पाणी थोपवणे मालवणकरांच्या हाती नाही. नांगर कुठे टाकावा हे आहे.

कोळंबच्या खाडीवरच्या तिवरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती मी होडीतून घाईत पाहिली. चिखलातून बोटांसारखी वर आलेली ती श्वासमुळे आणि झाडावरच मोड फुटून लोंबणाऱ्या कांदळाच्या शेंगा पाहताना मला आमच्याच खात्याची लाज वाटली. कागदोपत्री ती जमीन खाजण, पड, निरुपयोगी; आणि कोळंबीची व माशांची पिले मात्र त्याच मुळांच्या आडोशाला वाढतात. 2005 साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तोडीला मनाई केली तेव्हा कुठे तो रकाना बदलायला लागला. याहून अवघड प्रकरण आंग्रिया बँकेचे. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, वीसेक मीटर पाण्याखाली प्रवाळांचे एक अख्खे पठार आहे, आणि त्याला नाव कान्होजी आंग्र्यांचे. देशाची सागरी हद्द बारा सागरी मैलांवर संपते. हे त्याच्या कितीतरी पलीकडे. तिथला तलाठी कोण?

आणखी एक विचार मला गाडीत मानवत रोड येईपर्यंत छळत होता. आमच्या शिवारावर पडलेला पाऊस तुमच्या समुद्राला मिळतच नाही. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर. पण ती पाठ फिरवते आणि 1,465 किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला जाते. काकिनाड्याच्या बाजूला कोरिंगाचे मोठे कांदळवन आहे, ते तिनेच आणून टाकलेल्या गाळावर उभे. पूर्वी त्यात आमच्या बांधावरची मातीही असे. आता वाटेत धरणे आहेत, गाळ त्यांच्या पोटात राहतो, आणि जी रेती उरते तिचा आम्ही लिलाव करतो. त्या लिलावांच्या बोलीपत्रकांवर माझ्याही सह्या आहेत.

असो. आपल्या ओढ्याकडेच्या गटात सात गुंठे पोटखराब आहे, तो खडक फोडून, माती टाकून कपाशीखाली आणावा असे तुझ्या चुलतभावाने ठरवले आहे. कायद्यानेही आता तशी वाट मोकळी केली आहे, तेव्हा त्याचे काही चुकते असे नाही. जेसीबीवाल्याला त्याने सांगूनही ठेवले होते. मी त्याला पावसाळा उलटेपर्यंत थांबायला सांगितले. का, म्हणून त्याने विचारले. मला मोजणी करायची आहे, म्हटले. तो हसला, पण जेसीबीवाल्याला फोन केला.

तुरीची डाळ पाच किलो आणि ज्वारी दहा किलो एसटीच्या पार्सलने पाठवली आहे, पावती या पत्रासोबत आहे. माघ पौर्णिमेला सकाळी पाणी लवकर ओसरेल, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यातून सहा तास वजा. जावईबापूंना उजेड होताच त्या खळग्याशी जाऊन यायला सांग. ओठाला टवका उडालेला तो शंख दिसला तर अजून तेच कूळ आत आहे की ताबा बदलला, एवढे कळव.

तुझा,
आप्पाकाका