चावट सिनेमे आणि मावळातले प्रेक्षक : काही टिपणे

‘बालक-पालक’ पाहून कामशेतकडच्या एक आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) म्हणाल्या, “पोरं हसताना दिसतात हो, पण ती आतून भ्यालेली असतात. आमच्याकडं निरोध न्यायला गडी कधी स्वतः येत नाही, बायकोला पाठवतो. एखादा आलाच तर आधी हसतो, मग मागं कोण उभं आहे ते बघतो.” रवी जाधव यांच्या या सिनेमाबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं मत.

*

सिनेमा आला ४ जानेवारी २०१३ ला. अंबर हडप आणि गणेश पंडित यांच्या ‘बीपी’ या नाटकावरून तो बेतलेला. गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या चाळीतली. चाळीतली ज्योतीताई घर सोडून जाते आणि मोठी माणसं ‘शेण खाल्लं’ एवढंच म्हणून गप्प बसतात. अव्या, भाग्या, डॉली आणि चिऊ अर्थ शोधायला निघतात. घरात कुणी सांगत नाही, म्हणून विशू त्यांचा गुरू होतो. विशूचं ज्ञान म्हणजे ऐकीव गोष्टी, पिवळी पुस्तकं आणि भाड्याचा व्हीसीआर.

चाळ मुंबईची असली तरी तळेगाव-वडगावच्या प्रेक्षकाला ती परकी वाटली नाही. विशू प्रत्येक आळीत असतो. आज त्याच्या हातात मोबाईल आहे, एवढाच फरक.

*

तळेगावचे एक गृहस्थ मुलाला घेऊन हा सिनेमा बघायला गेले होते. पूर्वार्धात दोघेही हसले, पण एकमेकांकडे न बघता. उत्तरार्धात मुलांची मैत्री विस्कटते, मुलींकडे बघण्याची नजर बदलते, तेव्हा थिएटर गप्प झालं. “घरी येईपर्यंत गाडीवर आम्ही एक शब्द बोललो नाही,” ते म्हणाले. सिनेमा चांगला होता का, असं विचारलं तर म्हणाले, “चांगला होता. पण पुढचं काम त्यानं माझ्यावर टाकलं.” ते काम त्यांनी केलं का, हे मला विचारवलं नाही.

*

पवन मावळातल्या एका आजींना मात्र दादा कोंडकेच आवडतात. ‘सोंगाड्या’ १९७१ चा, ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. दोन्ही त्यांनी तरुणपणी पाहिलेले. “आम्ही शेजारणी-शेजारणी मिळून जायचो. गडी एकीकडं, आम्ही एकीकडं. पदर तोंडाला लावून इतकं हसायचो की पोटात दुखायचं. गडीमाणसांना काय वाटायचं, आम्हाला कळत नाही म्हणून? समदं कळायचं.”

दादांवर अश्लीलतेचा शिक्का मारणाऱ्यांनी या आजींना एकदा भेटावं. ज्या बाईला स्वतःच्या शरीराबद्दल घरात चकार शब्द काढता येत नव्हता, तिला चारचौघींत मोठ्यानं हसायची जागा या सिनेमांनी दिली. हे काम लहान नाही. द्व्यर्थी संवादाची सोयही त्यातच होती: सासू शेजारी बसली असेल तर साधा अर्थ घ्यायचा, नसेल तर दुसरा. तमाशाच्या गण-गवळणीतली मावशी पिढ्यान् पिढ्या हेच करत आली. आजही यात्रा जवळ आली की गावोगावचे पंच नारायणगावच्या राहुट्यांवर तमाशाची सुपारी द्यायला जातातच.

माझी तक्रार दुसरी आहे. दादांच्या सिनेमात भोळ्या नायकाचं अज्ञान गोड असतं; त्याला काही कळत नाही म्हणून तो आपल्याला आवडतो. प्रत्यक्षात अज्ञान गोड नसतं. पहिल्यांदा पाळी आल्यावर आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला असं समजून गोठ्यात रडत बसलेली मुलगी याच आजींच्या घरातली. ही गोष्ट आजींनीच सांगितली, आणि ती सांगताना त्या हसल्या नाहीत.

*

शनिवार-रविवारी लोणावळ्यात जोडपी येतात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, टायगर पॉइंटच्या धुक्यात, लॉजच्या काउंटरवर. त्यांच्याबद्दलचे विनोद चिक्कीच्या दुकानापासून रिक्षास्टँडपर्यंत चालतात. मुंबईत ऑगस्ट २०१५ मध्ये मढ बेटावरच्या लॉजमधून पोलिसांनी जोडप्यांना बाहेर काढलं होतं, तेव्हा देशभर ओरड झाली. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं एका खोलीत राहू नये, असा कुठलाही कायदा नाही. तरी लोणावळ्यात आलेली मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळूनच रिक्षातून उतरते. या हसण्यात मला दादांचा मोकळेपणा दिसत नाही. हे हसणं तिला खाली मान घालायला लावतं.

*

लोणावळ्यापासून जवळच कार्ला. एकवीरेच्या दर्शनाला पायऱ्या चढून गेलात तर देवळाच्या पाठीशीच चैत्य आहे. दर्शनाच्या रांगेतली बरीच माणसं आत डोकावून परत फिरतात. आत शिरण्याआधी दारांच्या दोन्ही बाजूंची भिंत बघा. पुरुषभर उंचीची स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. डोक्यावर भरघोस पागोटं घातलेला पुरुष, कमरेला जाड मेखला आणि पायात वजनदार वाळे घातलेली स्त्री, दोघंही समोर बघत ऐसपैस उभी. चेहऱ्यावर संकोचाचा मागमूस नाही. भिक्खूंच्या प्रार्थनास्थळाच्या दाराशी ती सुमारे दोन हजार वर्षं उभी आहेत. ‘असलं काही आपल्या संस्कृतीत नाही’ म्हणणाऱ्याला मी कार्ल्याला न्यायला तयार आहे.

*

एक निवृत्त शिक्षक म्हणतात, “सिनेमानं कशाला शिकवायचं? शाळा आहे ना.” शाळा आहे, पण २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तिकांवरून गदारोळ झाला आणि राज्यानं ते शिक्षण शाळांत थांबवलं. २०२३ मध्ये ‘ओएमजी २’ हा शाळेतल्या लैंगिक शिक्षणाचीच बाजू मांडणारा हिंदी सिनेमा आला, तर त्याला ‘फक्त प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र मिळालं. ज्या वयाच्या मुलाची ती गोष्ट, त्या वयाच्या मुलाला थिएटरात मज्जाव.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. वाचक लाजत लाजत प्रश्न पाठवत आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरं छापत. त्या उत्तरांपायी खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. खटला कर्वे हरले, पण मासिक त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यांना आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे आजही आशाताईंना दबक्या आवाजात विचारले जातात.

*

घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर ‘बालक-पालक’ त्याच्याबरोबर बसून बघा. मध्येच पाणी प्यायला उठू नका. सिनेमा संपल्यावर ते काही विचारेल, त्याला सरळ उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या, पण मुलाला विशूकडे पाठवू नका.