मजल दरमजल जाणारी फाईल

१/ गोंदिया जंक्शनवर दोन जातींचे रूळ भेटत असत. हावडा–नागपूर–मुंबई हा ब्रॉडगेज आणि बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणारा अडीच फुटी नॅरोगेज. डबा रूळ बदलू शकत नसे. माल उतरवून ठेवावा लागे आणि पुढची गाडी मिळाली की पुन्हा भरावा लागे. भारतातील संगणकांचे आरंभीचे जाळेही काहीसे याच रीतीने चाले.

२/ त्या साधनाचे नाव यूयूसीपी, म्हणजे ‘युनिक्स टू युनिक्स कॉपी’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी ते १९७० च्या दशकात लिहिले. कोणती फाईल, कोणत्या संगणकाकडे, एवढी एका ओळीची आज्ञा टंकायची. फाईल रांगेत थांबे. मोडेमने दूरध्वनी लावला आणि पलीकडच्या संगणकाने प्रतिसाद दिला, की ती रवाना होई.

३/ १९८६-८७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ सुरू केले. जुहूची एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीत तो विभाग स्वतः, असे आठ सहभागी होते. आरंभी यूयूसीपीवरील टपाल हीच एकमेव सेवा होती. दिल्ली–मुंबई पहिली भाडेतत्त्वावरील वाहिनी जानेवारी १९९१ मध्ये आली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. एका मेगाबाइटला सुमारे पंधरा मिनिटे.

४/ यूयूसीपीच्या जगात पाठवणाऱ्यालाच वाट ठाऊक असावी लागे. मधल्या प्रत्येक संगणकाचे नाव क्रमाने, उद्गारचिन्हांनी जोडून लिहायचे. मधल्या संस्था परक्याचे ओझे आपल्या दूरध्वनीखर्चात वाहत. हे जाळे तारांइतकेच भरवशावर उभे होते.

५/ अभ्यासकाची अडचण इथेच आहे. पेशवे दप्तराचे रुमाल टिकले, कारण कागद बांधून ठेवण्याची रीत होती. इथे फाईल पुढे गेली की वाटेवरची प्रत पुसली जाई. नोंदवह्याही डिस्कवर जागा व्हावी म्हणून वेळोवेळी रिकाम्या केल्या जात.

६/ गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तोवर विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले करून चौथे वर्ष चालू होते. हा इतिहास इतका अलीकडचा आहे, की त्या आज्ञा टंकणारे अनेक जण आज निवृत्त असले तरी आपल्यात आहेत. दप्तर उरले नाही, तेव्हा त्यांच्या आठवणी हेच अस्सल साधन; आणि ते नोंदवून घेण्यास फार अवधी नाही.