न दिसणारा पहारा

चौकशीचा फॉर्म हे आमच्या धंद्यातलं सर्वांत फुटकळ काम समजलं जातं. इंदुरात मी लहान दवाखाने, क्लासेस, मंडळं यांच्यासाठी असे फॉर्म बनवतो. फॉर्म सुरू झाला की लवकरच त्यातून कर्जाच्या आणि ‘गूगलवर पहिला नंबर’च्या जाहिराती टपकू लागतात, आणि मालकाचा फोन येतो: “भिया, कॅप्चा लगा दो!”

कॅप्चा, म्हणजे समोर यंत्र नाही, माणूसच आहे हे तपासणारं कोडं, लावायला वेळ लागत नाही. पण त्याचा जाच मालकाला होत नाही, येणाऱ्याला होतो. २००७ साली रिकॅप्चा हा कॅप्चाचा प्रकार आला तेव्हा वाकडी अक्षरं ओळखता ओळखता लोकांच्या हातून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंकही डिजिटल होत गेले. २०१४ नंतर चौकटीत एक टिचकी पुरू लागली. तरी यंत्राला संशय आला की ओळखायची चित्रं पुढे येतातच. रामबागेतल्या आजोबांनी अमेरिकेतला फायर हायड्रंट कुठे पाहिलाय? दृष्टिहीनांची तर वाटच अडते.

म्हणून मी आधी न दिसणारे उपाय करतो. एक रकाना दडवून ठेवतो. माणसाला तो दिसत नाही, आपोआप फॉर्म भरणारा बॉट मात्र तो भरून मोकळा होतो. यातही मेख आहे. ब्राउझरचं ऑटोफिल तो रकाना भरू शकतं, स्क्रीन रीडर तो वाचून दाखवू शकतो; दोघांनी तो वगळावा अशी तजवीज करावी लागते. शिवाय फॉर्म भरायला किती वेळ लागला तेही पाहतो: नाव, फोन आणि चार ओळींचा निरोप दोन सेकंदांत कुणी टाइप करत नाही. तरी एकाच खुणेवरून कुणाला हाकलू नये. संशयित निरोप पुसण्याऐवजी वेगळे ठेवावेत. रोमन नसलेली लिपी म्हणजे स्पॅम, असा ढोबळ नियम लावला तर ‘आईला ऐकू कमी येतंय, कधी आणू?’ हेही गळून जातं.

इंदूर-पुणे गाडीच्या तत्काळ तिकिटाची गोष्ट वेगळी. तिथे बॉटने जागा पळवली तर एका प्रवाशाची जागा जाते. १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-पडताळणी सक्तीची झाली. कटकट आहे, पण कशासाठी ते कळतं. चौकशीच्या फॉर्ममागे पळवण्यासारखं काय असतं?

मालकाला जाहिराती दिसतात, कंटाळून परत गेलेला माणूस दिसत नाही. म्हणून अहवालात मी स्पॅमच्या आकड्याशेजारी, फॉर्म भरायला घेऊन अर्धवट सोडणाऱ्यांचाही आकडा देतो. दोन्ही समोर आले की कॅप्चाचा आग्रह बहुधा मागे पडतो.