स्वारी कधी येणार?

भोसरीच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात जा, खरेदी खात्यात लीड टाइम भेटतोच. ऑर्डर गेली की जन्मतो, माल तपासून स्टोअरमध्ये आला की संपतो. मधल्या काळात सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात.

दिसायला भारदस्त, पण अंगात मांस कमी आणि हवा जास्त. सहा आठवड्यांचा लीड टाइम उकलून पाहा, मशीनवरचं काम बहुधा काही तासांचं निघतं. बाकी नुसती रांग: खरेदीच्या ऑर्डरवर सही व्हायची, मशीन मोकळं व्हायची, प्लेटिंगहून परत यायची, ट्रक भरायची. त्यामुळे मशीन जोरात पळवून तो फारसा खंगत नाही. टेबलावरचा कागद दोन दिवस आधी हलला तर खंगतो. हे साहेबांना पटवणं कठीण, त्यांना नवं मशीन घ्यायचं असतं.

स्टोअरकीपरचं त्याच्याशी सरळ गणित. रोज ४० बेअरिंगं लागतात, यायला १५ दिवस लागतात, तर रॅकवर ६०० उरली की ऑर्डर टाकायची. पण स्वारी लहरी, म्हणून वर दीडदोनशे गाठीला. तीस दिवस सांगून तिसाव्या दिवशी येणारा परवडला. दहा सांगून कधी आठव्या, कधी पंचविसाव्या दिवशी उगवणारा नको.

त्याची खरी खोड वेगळीच. तो भीतीवर पोसतो. पुरवठादार म्हणाला, “आता आठ नाही, बारा आठवडे लागतील,” की खरेदीवाले चार आठवड्यांची जादा ऑर्डर टाकून मोकळे. त्या ऑर्डरींनी रांग आणखी लांबते, मग पुरवठादार सोळा सांगतो. खप मात्र होता तेवढाच.

२०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपांचं असंच झालं. टंचाई खरी होती. करोनाच्या सुरुवातीला मोटार कंपन्यांनी कमी केलेल्या ऑर्डरींची जागा लॅपटॉप-फोनवाल्यांनी पटकावली होती. त्यावर घबराटीच्या दुहेरी ऑर्डरी चढल्या. काही चिपांसाठी वर्षभर थांबावं लागलं, आणि एखाद्या स्वस्त चिपेवाचून जवळजवळ तयार गाड्या आवारात उभ्या राहिल्या. २०२२च्या उत्तरार्धात फोन-संगणकांचा खप मंदावला, तेव्हा मेमरी चिपांचे साठे पडून राहिले आणि तिथला लीड टाइम निमूट आखडला. मोटारवाल्यांना मात्र त्याने त्यानंतरही ताटकळत ठेवलं.