फोन आपला, पण नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, गॅसचा ग्राहक क्रमांक तुम्हांला तोंडपाठ असेल. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असेल आणि लाइटबिलाची फाइल कुठल्या खणात आहे, ते तुम्ही डोळे मिटून सांगाल. आता एक विचारते, रागावू नका हं. तुमच्या पर्समधला मोबाइल कुणाच्या नावावर आहे? त्याचं बिल कुठं आहे? आणि त्याचा पंधरा आकडी क्रमांक?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकजणी गप्प बसतील. प्रत्येक मोबाइलला कारखान्यातच १५ आकड्यांचा एक क्रमांक मिळतो, त्याला आय.एम.ई.आय. म्हणतात. सिमकार्ड म्हणजे लुगडं, बदललं की झालं. हा क्रमांक म्हणजे अंगावरचा तीळ. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की ते लगेच समोर येतात. खोक्यावर असतात, बहुधा बिलावरही असतात.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन गौरी-गणपतीच्या गर्दीत एस.टी. स्टँडवर गेला. अर्ध्या तिकिटाचे पैसे काढायला पर्स उघडतात तो फोन नाही! त्या बचत गटाच्या खजिनदार. पासबुकाचे फोटो, कुणाचा हप्ता किती आला, सगळं त्या फोनात. मी बरोबर होते. म्हटलं, माझ्या फोनवरून शोधू या. गूगलची ती सोय आता ‘फाइंड हब’ नावाने आहे, पूर्वी तिला ‘फाइंड माय डिव्हाइस’ म्हणत. अ‍ॅपलच्या फोनना ‘फाइंड माय’. आपल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड घातला की नकाशावर फोन दिसतो. तो वाजवता येतो, कुलूपबंद करता येतो, पडद्यावर निरोप ठेवता येतो, अगदीच गरज पडली तर आतलं सगळं पुसता येतं.

पण जाऊबाईंना खातंच ठाऊक नव्हतं. फोन घेतला तेव्हा मुलाने सगळं लावून दिलेलं. पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो पुण्यात रात्रपाळी करून झोपलेला. तो संध्याकाळी उठेपर्यंत नकाशावर फक्त शेवटची जागा उरली होती – तेच स्टँड. चोराने फोन बंद केला, की नकाशा बहुधा तिथंच थांबतो. म्हणून पहिला अर्धा तास सोन्यासारखा.

मग पोलीस ठाणं. तिथं विचारलं, “फोन कुणाच्या नावावर?” भाऊजींच्या. “सिम?” तेही भाऊजींच्याच. “क्रमांक?” खोकं दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे गेलेलं. गटाच्या लाखभर रुपयांचा हिशेब चोख ठेवणारी बाई, पण तिथं त्यांना तोंडच उघडता येईना. मला फार वाईट वाटलं. शेवटी मुलाने गूगलच्या खात्यातून तो क्रमांक वाचून दाखवला, तेव्हा काम पुढं सरकलं.

पुढचं काम सरकारच्या ‘संचार साथी’वर होतं. फोन बंद पाडण्याची ही योजना २०१९ साली मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर लागू झाली. तक्रारीची प्रत, बिल, ओळखपत्र आणि क्रमांक भरला की तो फोन देशातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालेनासा होतो. कुणी त्यात सिम घातलंच, तर त्याचा माग पोलिसांकडे जातो. मात्र आधी आपल्या नंबरचं नवं सिम काढावं लागतं, आणि ते ज्याच्या नावावर त्यालाच मिळतं. भाऊजींना अर्धा दिवस रजा टाकावी लागली. शिवाय नव्या सिमवर पहिले २४ तास एस.एम.एस. येत नाहीत, तेव्हा सांकेतिक आकड्याची वाट बघत बसावं लागतं.

पैशांचं मात्र कशासाठीही थांबवू नका. बँकेला कळवा, सिम बंद करा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर फोन करा. सगळं पुसून टाकायची घाई मात्र नको, कारण एकदा पुसलं की बहुधा नकाशावर फोन सापडत नाही. आणि नकाशावर दिसला म्हणून पदर खोचून एकट्या तिथं जाऊ नका बाई! तो नकाशा पोलिसांना दाखवा.

अडीच महिन्यांनी पोलिसांचा फोन आला. दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुलाने तो बाजारात स्वस्तात घेतला होता, त्याने आपणहून आणून दिला. आत काही नव्हतं. पण खात्यात जपलेले पासबुकाचे फोटो परत उतरले, आणि जाऊबाईंनी त्याच रात्री हप्ते जुळवले. तक्रार नोंदवताना मिळालेल्या क्रमांकाने फोन पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो, नाहीतर परत आलेला फोन नुसता आरशासारखा.

आता त्यांचं सिम त्यांच्या नावावर आहे, पासवर्ड त्यांचा आहे, आणि पंधरा आकडे दुधाच्या वहीत शेवटच्या पानावर आहेत. मुलगा म्हणाला, “आई, मला सांग ना पासवर्ड, लागला तर?” त्यांनी नाही सांगितला. बरोबरच केलं, असं माझं मत. ज्याच्या हाती पासवर्ड, त्याला आपण कुठं आहोत हे दिवसभर दिसतं. त्याऐवजी खात्याला विश्वासातल्या कुणाचा तरी दुसरा नंबर जोडावा. खात्री करणारा आकडा हरवलेल्याच फोनवर गेला तर करणार काय?

मुलांच्या लॅपटॉपला बहुधा असा पंधरा आकडी क्रमांक नसतो. तेव्हा पाठीवरचा सीरियल नंबर लिहून ठेवा आणि त्यातली शोधायची सोय आधीच चालू करा, गेल्यावर ती चालू करता येत नाही.

आणि कामवाल्या मावशींसाठी म्हणून जुना फोन विकत घेणार असाल, तर इंग्रजीत के.वाय.एम., मग थोडी जागा सोडून ते १५ आकडे, असा एस.एम.एस. १४४२२ वर धाडा. क्रमांक काळ्या यादीतला निघाला, तर दुकानातच फोन परत करा. ठीक निघाला तर बिल मागा, आणि त्यावर मावशींचंच नाव घालायला सांगा.