वासराचा वाटा

गंगाखेड तालुका, जि. परभणी
भाद्रपद

चि. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, लेकराला गोमातेबद्दल चार गोष्टी सांग, पुण्यात त्याला गाय फक्त चित्रात दिसते." फोनवर सांगून ते कळायचं नाही गं, म्हणून लिहायला बसले.

आपली तांबडी आठ महिन्यांची गाभण आहे. दिवाळीच्या आसपास वेईल. लाल कंधारीच ती, दूध बेताचं, पण ऊन आणि दुष्काळ सोसून उभी राहते. लेकराला वसुबारसेच्या आधीच घेऊन ये. पूजेचं ताट त्याच्या हातात मी नंतर देईन, आधी बादली देईन. त्यानं तांबडीला पाणी दाखवावं, कानामागचे गोचीड बघावेत, मानेखालच्या पोळीवरून हात फिरवावा. तिची खरखरीत जीभ मनगटावर फिरली की ते दचकेल, मग हसेल. तू हसली होतीस तशीच.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू लहान असताना आपली एक कालवड चौथ्या दिवशी गेली. जार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, अशी आपल्याकडं रीत होती. ते कासेकडं धडपडायचं आणि आम्ही मागं ओढायचो. पुढं डॉक्टरांनी समजावलं, वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी झुंजायची ताकद त्याच्या रक्तात नसतेच, ती चिकातून येते. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात जायला हवा, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी. आम्ही रीत पाळली आणि घरात खरवसही केला. मला तो आजही गिळवत नाही.

म्हणून वसुबारस मला सगळ्या सणांत मोठी वाटते. त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. दूध-दुपतं आणि गहू वर्ज्य. आज हे दूध वासराचं, हे लेकराला जिभेवर कळू दे. एक दिवस चहा कोरा मिळाला की ते "का?" विचारेल, तेव्हा सांगायचं.

तुझे बाबा अजून दोन एकर रानात रब्बीला 'परभणी मोती' पेरतात. आपल्या कृषी विद्यापीठाचीच ज्वारी ती. सगळं शिवार सोयाबीनकडं गेलं, पैसा हाती आला, पण कडबा गेला आणि कडब्यामागं गोठे रिकामे झाले. जनावर ठेवायचं तर त्याचा वाटा पेरणीतच काढावा लागतो. म्हातारी देवणी गाय दोन वर्षं भाकड आहे, तीही त्यातच खाते. सरकारनं 2024 मध्ये देशी गायीला राज्यमाता म्हटलं, गोशाळांना दर गायीमागं रोज 50 रुपये ठरवले, चांगलं झालं. पण हिनं आपल्या घरी आठ वेत दिले, हिला दुसऱ्याच्या दारात कशी सोडू?

तिकडं पुण्यात एवढं कर. उरलेली पोळी-भाजी कॅरीबॅगेत बांधून टाकू नको. गाय पिशवीसकट गिळते, प्लास्टिक पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जातं आणि ती चारा असून उपाशी मरते. पिशवीची गाठ लेकराच्या हातानंच सोडव.

येताना त्याचे जुने कपडे आण, शेणानं भरतील. खरवस करीन म्हणते, पण वासराचं पोट भरल्यावर उरला तरच.

तुझी,
आई