कोंडीबा नेमका कोणाचा?

रा. रा. खासरा पत्रक, सन १९५४-५५,
मुक्काम जुन्या दप्तरांची खोली, ता. जाफराबाद, यांसी
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. केळणेला आणि पूर्णेला यंदा पाणी बरं आहे. मका सोंगून झाली, घरची मंडळी कापूस वेचायला लागली आहेत. तुमच्या खुशालीची मात्र काळजी वाटते. गेल्या खेपेला पान उलटताना तुमचा उजवा काठ भाकरीच्या पापुद्र्यासारखा बोटाला लागून आला. त्या तुकड्यावर अर्धा 'वल्द' होता.

आपली ओळख जुनी. वडील बांधाच्या भांडणासाठी तुमच्याकडं आले होते, मी पणजोबांना शोधत आलो. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी साऱ्या मराठवाड्यातली दप्तरं उघडली. आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाची ही हाक उठली, त्यामुळं आमच्या गावात तर घरटी एक माणूस वंशावळ लिहायला बसला. तेव्हापासून तुम्हाला निवांतपणा नाही, याबद्दल क्षमा असावी. पण तुम्हीही आम्हाला कमी फिरवलं नाही.

तुमच्यात एकाच गावाखाली 'विठोबा वल्द कोंडीबा' दोनदा आहे. दोन सर्व्हे नंबर, दोन रकबे, नाव तेच, बापाचं नाव तेच. आडनाव कुठंच नाही. वल्द म्हणजे 'चा मुलगा', एवढ्यावर तुमचं समाधान झालं. आमच्याकडं आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. विठोबाचा कोंडीबा, कोंडीबाचा विठोबा, परत त्याचा कोंडीबा. ही साखळी आमच्या घरात होती आणि खालच्या आळीतल्या घरातही होती. लिहिणाऱ्याला दोघेही चेहऱ्यानं ठाऊक असतील. सत्तर वर्षांनी वाचणाऱ्याचं काय होईल, हे तुम्ही मनात आणलं नाही, याचा मला खरोखर राग आहे.

आजी सांगायची, "मामंजी मानमोडीत गेले, मालक तेव्हा रांगत होते." मानमोडी म्हणजे १९१८ची साथ. मग तुमच्या आधीच्या निजामी कागदांत फसली १३३७ला सारा भरणारा 'कोंडीबा वल्द विठोबा' कोण? फसलीत ५९० मिळवले की १९२७-२८ येतं. आमचा कोंडीबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पण मेलेल्याच्या नावावर पावती फाटत राहते, हे गावात नवं नाही. त्यामुळं तेवढ्यावरून निकाल लागेना.

ते कागद उर्दूत. मी ते एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं नेले. त्यांनी खिडकीपाशी बसून भिंग लावलं आणि पहिल्यांदा वाचलं, "गोंदिबा." घाईत लिहिणाऱ्या कारकुनानं 'काफ'वरची दुसरी रेघ दिली काय, न दिली काय, क आणि ग एकच. 'दाल'वरची बारीक खूण राहिली की ड चा द होतो. एका माणसाची चार माणसं तिथंच झाली. मी घरात चालत आलेलं नाव सांगितलं, तेव्हा ते पुन्हा खाली वाकले. मग फसली १३३०च्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ बेटा, राहीबाई. बेवा कोंडीबा. पुढं लिहिलंय, विठोबा, नाबालिग."

राहीबाई माझी पणजी. बेवा म्हणजे विधवा. पूर्णेकाठच्या आमच्या तुकड्याला सगळं गाव 'बाईचं वावर' म्हणतं. कोणती बाई, हे मी लहानपणी विचारलं होतं, कोणाला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी शिक्षकांच्या ओट्यावर मला पाणी मागून घ्यावं लागलं.

राहीबाईच्या पानावरचा जुना सर्व्हे नंबर नव्याशी लावून पाहिला. तो तुमच्या खालच्या ओळीशी जुळला. आम्ही दोन वर्षं वरच्या ओळीची नक्कल घेऊन फिरत होतो, आणि खालच्या आळीचे लोकही तीच नक्कल लावत होते. मी त्यांच्या घरी गेलो, पानं चटईवर पसरली आणि म्हटलं, "दादा, हा कोंडीबा तुमचा. फसली १३३७चाही तुमचाच." त्यांच्या म्हातारीनं त्या नावाला हात लावून नमस्कार केला. चहा झाला, मग जेवणही झालं.

आता तुमच्यावरची खरी तक्रार. दोन कोंडीबा वेगळे केले ते राहीबाईच्या नावानं, आणि तुमच्यात ते नाव नाही. १९५४ला मुलगा कर्ता झाला होता, नोंद त्याची झाली, रीतसर झाली, हे मान्य. पण मूल रांगत असल्यापासून ते वावर राखलं कोणी? एका रकान्यात 'आई' एवढं तरी लिहायला हवं होतं. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात, बापाच्या आधी, आईचं नाव लावायचं ठरलं आहे. माझ्या नातीचं नाव तसंच लागलं. ते पहिल्यांदा लिहिताना मला राहीबाईच आठवली.

विनंती एवढीच की अजून थोडं टिकावं. राहीबाईचं माहेर वऱ्हाडात, चिखलीकडं होतं, असं आजी सांगायची. तिकडं इंग्रजी अमल, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं वेगळी. तिथं तिच्या बापाचं नाव शोधायला जाणार आहे. सापडलं की तुमच्याशी ताडून पाहायला परत येईन. तोवर तुमचं स्कॅनिंग व्हावं, म्हणून अर्ज दिला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
राहीबाईचा पणतू

ता. क. अर्ध्या 'वल्द'चा तो तुकडा फेकलेला नाही. कागदात घालून त्याच पानात, खालच्या ओळीशेजारी ठेवला आहे. पान झटकू नये, असं वर पेन्सिलीनं लिहिलं आहे.